लाल सैन्यातल्या आमच्या वन्सं

आमच्या वन्सं बोलायला लागल्या की आपल्या भुवया कधी कोरून झाल्या ते गिऱ्हाइकाला कळतही नाही. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ब्यूटी पार्लर आहे. मागे कलणारी एक खुर्ची, भिंतभर आरसा, चिमटे आणि ब्रश ठेवायला बिस्किटांचा जुना डबा, आणि दाराला फुलाफुलांचा पडदा. तो पडदा सरकवून कुणी आत आलं की वन्सं तिला खुर्चीत कलती करतात, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळतात आणि तोंडाचा पट्टा सुरू करतात. त्या बोलण्यात कुणाला पहिल्या बाळंतपणाचं टेन्शन विसरताना मी पाहिलंय. दातांचा डॉक्टर तर एकदा नुसता ऐकायला येऊन बसला होता. बायकोला न्यायला आलोय असं सांगत होता, आणि बायको कधीच घरी गेली होती.

लहानपणापासून त्यांना एकच वेड. सिनेमातल्या नट्यांचे चेहरे रंगवायचे. माझे सासरे त्या वेडाच्या पूर्ण विरुद्ध. सराव करायला चेहरा मिळेना, म्हणून ह्या बाईसाहेबांनी दुपारी झोपलेल्या वडिलांच्याच गालांना लाली लावली. ते तसेच उठून घाईघाईत ऑफिसात गेले. आज सगळे आपल्याशी इतकं हसून का बोलतायत, साहेबांनी स्वतःहून चहा का मागवला, हे त्यांना कळेना. संध्याकाळी घरी आल्यावर आरशात पाहिलं आणि मग जो काही गोंधळ झाला तो सासूबाई अजून हातवारे करून सांगतात.

लग्नाची स्थळंही आली. एकाचे कल्ले वरखाली होते. "दादा, जन्मभर मी ते कल्ले बघत बसू?" असं म्हणून वन्संनी त्याला नकार दिला. दुसरा बिचारा चांगला होता, पण तो बोलका निघाला. दोघांनी एकाच वेळी बोलायचं म्हणजे कठीणच. शेवटी त्यांनी पार्लर काढलं आणि त्या पार्लरशीच संसार मांडला. सिनेमाचं वेड मात्र कुठे जात नव्हतं. अधूनमधून एखादी नवरी सजवून झाली की मान तिरकी करून म्हणायच्या, "वहिनी, हिला आत्ता कॅमेऱ्यासमोर उभी केली ना, तर नटी घरी बसेल!"

आणि मग आमच्या गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत खरंच सिनेमावाले आले.

बातमी आणली माझ्या नवऱ्याने. हे गाडी चालवायला शिकवतात. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं, त्यामुळे यांचा उजवा पाय घरातही ब्रेक दाबत असतो. जेवताना वाटी कलंडली तरी पाय दाबला जातो. तर हे धापा टाकत आले आणि वन्संना म्हणाले, "छबे, खाणीत शूटिंग आहे. त्यांचा मेकअपवाला आजारी पडलाय. कुणी आहे का म्हणून विचारत फिरतायत!"

वन्संच्या हातात एका मास्तरीणबाईंच्या वरच्या ओठावरचा दोरा होता. तो तसाच टाकून त्या उठल्या. मास्तरीणबाई पुढे दोन दिवस ओठाला रुमाल लावून शाळेत गेल्या, पण तो विषय वेगळा.

वन्संनी नवऱ्या सजवलेल्या फोटोंचा अल्बम काखेत मारला, ठेवणीतले कपडे घातले आणि यांच्या शिकाऊ गाडीत बसून खाणीवर गेल्या. तिथे कपाळावर गॉगल चढवलेली एक बाई सगळ्यांना हुकूम सोडत होती. तिने अल्बम चाळला. छान आहे, छान आहे म्हणाली. मग म्हणाली, "प्राण्यांची ॲलर्जी नाही ना तुम्हाला?"

"नाही बाई. का?"

"आमच्या मेकअपवाल्याला आहे. डोळे सुजून बटाट्यासारखे झालेत त्याचे. चला, हिरॉइन दाखवते."

हिरॉइन म्हणजे खेचर. तेही एक नाही, तीन.

सिनेमा होता सगळ्या घरादाराने बघण्यासारखा, पण लढाईचा. एका लहान मुलीच्या घरचं खेचर सैन्य ओढून नेतं. त्याच्या पाठीवर त्या घरातल्या कपाटाचा माणसाएवढा आरसा बांधलेला असतो, कारण घर सोडून पळताना मुलीची आई तेवढंच सोबत घेते. मग ते खेचर आरशासकट दोन सैन्यांच्या मधून वाट काढत मुलीकडे परत येतं. पडद्यावर एकच खेचर दिसणार होतं, पण काम तिघींत वाटलेलं. एक चालायची, एक पळायची, आणि एक इतकी मऊ स्वभावाची की ती फक्त मुलीच्या गळ्यात गळा घालायची. तिघींच्या कपाळावर सारखाच पांढरा चांद हवा होता. खरा चांद मात्र एकीलाही नव्हता.

वन्सं घरी आल्या त्या फणफणत. "माझ्या हातून आत्तापर्यंत किती नवऱ्या गेल्या, आणि आता खेचरं? बाबा असते तर हसून हसून मेले असते!"

"किती पाय आहेत त्या नटीला?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना कमी ऐकू येतं, पण नको ते बरोबर ऐकू येतं.

"चार!" वन्सं ओरडल्या, आणि ओरडता ओरडताच त्यांना हसू फुटलं. मग मलाही फुटलं. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून वाकून हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पार्लरच्या दाराला कुलूप आणि वन्सं खाणीवर.

पहिला प्रश्न होता तिघींचे चांद सारखे कसे काढायचे हा. सासूबाईंच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे कपाटावर धूळ खात पडला होता. वन्संनी त्यातून कात्रीने चांदाचा आकार कापला. तो कपाळावर ठेवायचा आणि स्पंजने वरून पांढरा रंग टिपायचा. लहान मुलांच्या तोंडाला लावतात तसला, चाटला तरी चालणारा. सासूबाईंना हे कळल्यावर त्यांचा ऊर भरून आला. गुडघेदुखी विसरून त्या शेजारीपाजारी सांगत सुटल्या, "माझा गुडघा सिनेमात घेतलाय."

खेचरांना सिनेमातली भारदस्त नावं होती, पण वन्संनी ती ऐकूनच घेतली नाहीत. त्यांच्यासाठी त्या थोरली, मधली आणि धाकटी. चालणारी ती थोरली. सकाळी थोरलीला समोर घ्यायचं, गळ्याभोवती टॉवेल टाकायचा (का, ते विचारू नका) आणि स्पंज हातात घेऊन गप्पा सुरू. कुणाच्या सुनेने काय केलं, दातांच्या डॉक्टरची बायको काय म्हणाली, दादा गाडीत कसा ओरडतो. थोरली डोळे अर्धे मिटून, लांब कान वन्संच्या तोंडाकडे वळवून ऐकत राहायची. खेचरांचा मालक, एक मिशाळ म्हातारा, म्हणायचा, "ताई, इतकं तर हिने माझंही कधी ऐकलं नाही."

वन्सं म्हणायच्या, "तुम्ही हिला काही सांगण्यासारखं सांगितलंत का कधी?"

रविवारी मी ज्या चष्म्याच्या दुकानात काम करते त्याला सुट्टी असते. त्या रविवारी मी डबा घेऊन खाणीवर गेले, आणि तिथे जे पाहिलं त्याने माझे पाय जागीच थांबले. लढाई म्हणजे माती, धूर, अंधार असं माझ्या डोक्यात. इथे खाणीच्या अख्ख्या उतारावर पांढरी भुकटी पसरली होती, नजर ठरत नव्हती. त्या पांढऱ्यावर एका बाजूला विटेसारख्या लाल कपड्यांतले सैनिक, दुसऱ्या बाजूला मोरपिशी कपड्यांतले. धूर गुलाबी. आणि लांबवर जखमींना शोधणाऱ्या नर्सबायका पिवळ्याजर्द छत्र्या घेऊन निघालेल्या. त्या सगळ्याच्या मधून थोरली पाठीवर आरसा घेऊन आली. काचेचा नव्हता तो, हलक्या चकचकीत पत्र्याचा, पण त्यात आकाश उतरलं होतं. ढगासकट आकाशाचा एक तुकडा चार पायांवर चालत येत होता. शेजारी उभी असलेली चहावाली बाई किटली धरलेल्या हाताने डोळे पुसत होती.

"हे लढाईचं चित्र आहे की रंगाचं दुकान?" वन्संनी दिग्दर्शकाला तोंडावर विचारलं होतं म्हणे. तो काडीसारखा माणूस, कायम उकिडवा बसलेला. तो म्हणाला, "बाई, लहान मुलाला आठवतात ते रंगच. ही त्या मुलीला आठवलेली लढाई आहे." घरी येऊन वन्सं मला म्हणाल्या, "वहिनी, तो माणूस वेडा आहे. पण आपल्यातला आहे."

तर त्या रविवारी सिनेमातला सगळ्यात मोठा प्रसंग होता. लढाई संपलीये, दोन्ही बाजूंची माणसं मरून पडलीयेत, आणि खेचर त्यांच्या मधून शांतपणे चालत जातं. मरून पडायला गावातलीच माणसं घेतली होती. लाल सैन्यात शिंपी, पोस्टमन, दातांचा डॉक्टर. मोरपिशी सैन्यात आमचे हे, आणि यांचे निम्मे शिकाऊ लोक. सगळे पांढऱ्या उतारावर हातपाय पसरून पडले. कॅमेरा तयार झाला. आणि थोरली अडली.

जिवंत माणसं अशी जमिनीवर पडलेली तिने कधी पाहिली नव्हती. मालकाने ओढलं, चुचकारलं, गाजर दाखवलं. ती कान मागे टाकून उभी. पलीकडे उभं राहून वन्संनी सहज म्हटलं, "अगं, काय झालं तुला? सकाळी तर चांगली होतीस!" थोरलीने कान वळवले आणि चार पावलं त्यांच्या दिशेने टाकली.

दिग्दर्शक उकिडवा होता तो उभा राहिला. वन्संजवळ आला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, आज तुम्हाला मरावं लागेल."

"किती वाजता?" वन्संनी विचारलं. "दुपारी माझ्याकडे एक नवरी यायचीये."

गॉगलवाल्या बाईने समजावून सांगितलं. वन्संनी सैनिक व्हायचं, मेलेल्यांच्या मधोमध पडायचं आणि तिथून थोरलीशी बोलत राहायचं. आवाज नंतर काढून टाकणार, वर संगीत येणार, त्यामुळे काय बोलाल ते बोला. फक्त ओठ दिसता कामा नयेत.

"ओठ झाकायचे तर मिशी हवी," वन्सं म्हणाल्या. त्यांनी दिलेली मिशी वन्संना पसंत पडली नाही. पेटीत हात घालून त्यांनी स्वतःच एक झुपकेदार, ओठांवरून खाली लोंबणारी निवडली, आरशात बघून डिंकाने चिकटवली, टोकं कात्रीने नीट केली. लाल कोट काही केल्या पोटावर बसेना. मग शिंप्याने, म्हणजे एका मेलेल्या सैनिकानेच उठून, तो मागून उसवून दिला. उताणंच तर पडायचं होतं. डोक्यावर शिरस्त्राण. मला त्या एकदम माझ्या सासऱ्यांसारख्या दिसायला लागल्या आणि माझं हसू आवरेना.

वन्सं जाऊन बरोबर आमच्या ह्यांच्या शेजारी आडव्या झाल्या. सख्खे भाऊ-बहीण, दोन शत्रुसैन्यांत, खांद्याला खांदा लावून मेलेले.

"ॲक्शन!"

"ये गं बाई ये," वन्संनी मिशीखालून सुरुवात केली. "घाबरू नकोस, ही सगळी आपलीच माणसं आहेत. हा शेजारी पडलाय ना निळा, हा माझा दादा. लोकांना गाडी शिकवतो, पण स्वतःच्या परीक्षेत त्याने कुणाची गाडी ठोकली माहितीये? परीक्षा घेणाऱ्या साहेबांची! ती तर उभी होती गं! बंद! झाडाखाली!"

थोरली निघाली होती, अगदी छान चालली होती. पण तिच्या आजूबाजूचे मेलेले हलायला लागले. पहिल्यांदा पोस्टमनचं पोट हललं. मग शिकाऊ लोकांची अख्खी रांग थरथरू लागली. त्यांना हे रोज गाडी उभी करण्यावरून बोल लावायचे! यांचा चेहरा लालभडक, पण मेलेला माणूस बोलणार काय? एवढ्यात उजव्या पायाने सवयीने ब्रेक दाबला.

"कट! कट!" दिग्दर्शकाने केस धरले. "मेलेली माणसं हसतायत! अहो, प्रेतं हसतायत माझी!"

पुन्हा सुरुवात झाली. ह्या वेळी वन्संनी विषय बदलून दातांच्या डॉक्टरचा घेतला. डॉक्टर लाल सैन्यात मेलेले होते, ते शिंकल्यासारखा आवाज काढून उठूनच बसले. तिसऱ्यांदा वन्संनी नुसतं "अगं..." म्हटलं आणि सगळा उतार खदखदला. मागे उभ्या नर्सबायका छत्र्या मिटून खाली बसल्या होत्या. मी तर डब्याच्या पिशवीत तोंड खुपसलं. हसू नका म्हटल्यावर तर जास्तच येतं.

सूर्य खाली चालला होता. दिग्दर्शक वन्संच्या उशाशी उकिडवा बसला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाई, गंमत नाही असं काही येतं का हो तुम्हाला बोलायला?"

वन्संनी उताणं पडल्या पडल्या खूप विचार केला. "पाढे येतात," त्या म्हणाल्या.

मग त्या गुलाबी धुरात, पांढऱ्या उतारावर, मिशीखालून सतराचा पाढा सुरू झाला. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. पाढा ऐकल्यावर माणसांची तोंडं आपोआप सुतकी झाली. शाळेची आठवण सगळ्यांनाच असते. सतरा त्रिक एक्कावन्न. थोरली एकेक पाऊल टाकत येऊ लागली. पाय उचलायची, वास घ्यायची, माणूस नसेल तिथे अलगद ठेवायची. पाठीवरचा आरसा तिच्याबरोबर डुलत होता, आणि त्यात कधी आकाश, कधी खाली पडलेले लाल-निळे, असं सगळं फिरत होतं. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी.

आणि वन्सं अडकल्या. सतरा सक काही केल्या आठवेना.

आवाज थांबला तशी थोरली थांबली. तिने इकडे तिकडे कान फिरवले. मग मान खाली घातली, वन्संच्या चेहऱ्यावर नाक आणलं आणि गालाला गाल लावून तशीच उभी राहिली. ती वाकली म्हणून आरसा कलला, आणि त्यात मावळतीचं अख्खं आकाश आलं, आणि लांबून येणारी एकच पिवळी छत्री. दिग्दर्शकाने कट म्हटलंच नाही. थोरलीचा श्वास वन्संच्या कानात जात होता, प्रचंड गुदगुल्या होत होत्या, आणि हसू दाबून दाबून त्यांच्या मिटलेल्या डोळ्यातून एक थेंब गालावर ओघळला. कॅमेऱ्याने तोही घेतला.

नंतर दिग्दर्शक त्यांच्या पाया पडायला आला, तर वन्सं उठूही शकत नव्हत्या. मागून उसवलेला कोट धरून मी आणि शिंपी दोन बाजूंना उभे राहिलो तेव्हा कुठे त्या उभ्या राहिल्या. "सतरा सक एकशे दोन!" ही त्यांनी उठल्यावर मारलेली पहिली आरोळी.

शूटिंग संपलं, खेचरांचा ट्रक निघाला. वन्संनी तिघींची तोंडं कोमट पाण्याने धुतली, चांद पुसले. थोरलीच्या कपाळावर मात्र हात नुसताच फिरवत राहिल्या. त्या दिवशी पार्लरमध्ये आलेल्या बायका शांततेला घाबरून लवकर घरी गेल्या. संध्याकाळी मी चहा दिला तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, इतके चेहरे रंगवले मी. पण माझं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं ते एकीनेच." मग नाक पुसून म्हणाल्या, "आणि बाहेर जाऊन कुणाला काही सांगणार नाही, हे वेगळंच!"

पुढे सिनेमा आमच्याच थिएटरात लागला. आम्ही घरचे सगळे एका रांगेत बसलो. पडद्यावर ते सगळं आलं, पांढरा उतार, छत्र्या, चालणारं आकाश, आणि मी तिथे असूनही ते पहिल्यांदाच पाहिल्यासारखं वाटलं. मग तो प्रसंग आला. व्हायोलिन सुरू झालं. खेचर मेलेल्यांमधून चालत येतं आणि एका झुपकेदार मिशीच्या अनोळखी सैनिकापाशी थांबतं. गालाला गाल लावतं. सैनिकाच्या मिटलेल्या डोळ्यातून शेवटचा थेंब ओघळतो. सगळं थिएटर हुंदके देत होतं. आमची रांग सोडून.

आमच्या रांगेत मी ओढणी तोंडात कोंबली होती, यांचा पाय ब्रेक दाबून दाबून समोरच्या खुर्चीला लाथा मारत होता, आणि सासूबाई भर व्हायोलिनमध्ये म्हणाल्या, "अगंबाई, हे तर आमचे हेच!" झालं. बांध फुटला. सगळ्यात मोठ्याने वन्संच हसल्या.

मागच्या रांगेतल्या एक वयस्कर बाई उठून उभ्या राहिल्या. डोळे लाल, हातात ओला रुमाल. "लाज नाही वाटत?" त्या कडाडल्या. "तिथे एक मुका जीव मेलेल्या माणसासाठी रडतोय, आणि तुम्ही दात काढताय!"

सिनेमा संपल्यावर त्यांनी आम्हाला बाहेर दाराजवळ गाठलंच. वन्संनी परोपरीने सांगून पाहिलं, अहो, तो मेलेला माणूस मीच आहे. बाईंचा विश्वास बसेना. "काहीतरीच! तो बिचारा किती सोसलेला दिसत होता. चांगल्या घरचा वाटत होता."

मग वन्संनी पर्स माझ्या हातात दिली, आणि थिएटरच्या दारातल्या त्या थंडगार फरशीवर, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांसमोर, सरळ उताण्या पडल्या. वेणीचं टोक ओठावर धरलं, डोळे मिटले, मान थोडी कलती केली.

बाई बघत राहिल्या. हळूहळू खाली वाकल्या. मग त्यांनी रुमाल बाजूला ठेवला आणि वन्संच्या गालाला हात लावला. "अगो बाई," त्या पुटपुटल्या, "तोच की गं हा!" आणि त्यांना रडावं की हसावं ते कळेना, तेव्हा त्यांनी दोन्ही केलं.

तोवर भोवती गर्दी जमली होती. पुढच्या खेळाची माणसं आत जायची थांबली होती, आणि तिकीट फाडणारा माणूस टाचा उंच करून बघत होता. एक लहान मुलगी बापाच्या खांद्यावरून ओरडली, "मला नाही दिसलं! परत मर ना!"

वन्संनी एक डोळा उघडला, वेणी नीट केली, आणि पुन्हा मेल्या.